साठ माणसांना आइस्क्रीम किती लागतं? (नाशिकच्या उन्हातला घरचा हिशोब)

भाचीच्या बारशाला मी ८० माणसांसाठी ८ लिटर आइस्क्रीम आणलं होतं. हिशोब माझ्या मते एकदम सरळ, माणशी १०० ग्रॅम म्हणजे ८ किलो, ८ किलो म्हणजे ८ लिटर, विषय संपला. साठाव्या वाटीच्या आसपास डबा खरवडल्याचा आवाज यायला लागला आणि रांगेत अजून वीसेक माणसं उभी, त्यातली निम्मी बहिणीच्या सासरची. तिच्या आत्येसासूबाई रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "राहू द्या हो, माझा तसाही घसा धरलाय." घसा-बिसा काही धरला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक कार्यक्रमाचं आइस्क्रीम खातं माझ्याकडे आहे, शिक्षा म्हणूनच म्हणा, आणि गेली सहा-सात वर्षं मी एका वहीत लिहून ठेवतोय की माणसं किती, लिटर किती, उरलं किती. खालचे सगळे आकडे त्या वहीतले, म्हणजे आमच्या गोतावळ्याचे आहेत, तुमच्याकडचे खाणारे जरा वेगळे असतील तर थोडं इकडेतिकडे धरा.

आधी लिटर-किलोचा घोळ मिटवू

आइस्क्रीममध्ये हवा असते. फसवायला म्हणून नाही, हवा घुसळली नाही तर ते गोठलेल्या दुधाचा दगड होईल, चमचा वाकेल पण आत जाणार नाही. पण त्यामुळे १ लिटरचा डबा १ किलो भरत नाही. एफएसएसएआयच्या (म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे १ लिटर आइस्क्रीमचं वजन कमीत कमी ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे कंपनीने अर्धा किलोच्या थोडं वर दिलं तरी ते नियमात बसतं. माझे ते ८ लिटर म्हणजे प्रत्यक्षात साडेचार-पाच किलोच असणार. आता कळलं कुठे गंडलो ते.

म्हणून दुकानात दोन कंपन्यांचे १-१ लिटरचे पॅक दोन हातात धरून बघा, फरक हाताला लगेच कळतो. जड आहे त्याचा एक स्कूप पुरतो, हलकं आहे त्याचे दोन मागतात, त्यामुळे स्वस्त डबा शेवटी स्वस्त पडेलच असं नाही. पाकिटावर आइस्क्रीम लिहिलंय की फ्रोझन डेझर्ट तेही बघून घ्या. आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट असतं (साध्या आइस्क्रीमला किमान १० टक्के), फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचं असतं. खायला दोन्ही चालतं, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

कुल्फीला हा हिशोब लावू नका. तिच्यात घुसळलेली हवा जवळपास नसतेच, आटवलेलं दूध सरळ साच्यात. म्हणून ६० मिलीची मटका कुल्फी खाऊन माणूस गप्प बसतो आणि ६० मिली व्हॅनिला खाऊन परत रांगेत येतो.

घरी एक डबा फोडा आणि स्कूप मोजा

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळी गडबड इथेच होते. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी जे आइस्क्रीम आणणार आहात त्याचाच १ लिटरचा पॅक आणा, जो स्कूप वापरणार आहात तोच घ्या, आणि घरच्यांना वाढत वाढत मोजा किती निघतात. पोरं खूश होतातच, शिवाय तुमचा खरा आकडा मिळतो.

कागदावर काय होतं, की साधा स्कूप साधारण ६० मिलीचा असतो (तुमचा किती ते बघायचं तर स्कूप पाण्याने भरून औषधाच्या मापाच्या झाकणात ओता), म्हणजे १ लिटरमधून १६ निघायला पाहिजेत. कधीच निघत नाहीत. स्कूप दाबून ओढताना आतली हवा दबते, त्यामुळे ६० मिलीच्या गोळ्यात डब्यातलं ७५-८० मिली जातं, वर थोडा डोंगर येतोच, आणि कडेला-तळाला जे चिकटून राहतं ते वेगळंच. आमच्याकडे मी वाढलं की १३ निघतात. आईने वाढलं की ९. एकच स्कूप, एकच डबा. ती म्हणते, "एवढंसं काय वाढायचं माणसाला, बरं दिसतं का ते."

मी आता सरसकट १ लिटर म्हणजे १२ स्कूप धरतो आणि पुढचं सगळं गणित लिटरमध्ये न करता स्कूपमध्ये करतो. शेवटी बाराने भागायचं. एवढं एक केलं की अर्धं काम झालं.

कार्यक्रम कसला, जेवण कसलं

नुसता माणसांचा आकडा काही सांगत नाही. आइस्क्रीम जेवणानंतर आहे, खाण्याबरोबर आहे, की आइस्क्रीमसाठीच बोलावलंय, हे आधी ठरवा.

पंगत किंवा बुफे असेल, पोटभर जेवण आणि त्यात एखादं गोड, तर हजर माणसं जेवढी तेवढे स्कूप. एवढं सोपं. काही जण घेतच नाहीत, डायबेटीस असतो, कोणाचा घसा असतो, कोणाला निघायची घाई असते, आणि साधारण तेवढेच जण दुसऱ्यांदा येतात, त्यामुळे वहीत जवळजवळ दर वेळी ते माणशी एकावरच येऊन थांबलंय. ३०० माणसं, ३०० स्कूप, भागिले १२, म्हणजे २५ लिटर. ५ लिटरचे पाच डबे.

पण जेवणात आमरस असेल तर हे अर्ध्यावर आणा, मी गंमत करत नाहीये. मे महिन्यात आपल्याकडे लग्नात, मुंजीत आमरस-पुरी असतेच, आणि ज्या माणसाने तीन वाट्या रस ओरपलाय तो आइस्क्रीमच्या स्टॉलवर फक्त लहान मुलांना घेऊन येतो. चुलतभावाच्या लग्नात रसही आणि आइस्क्रीमही पूर्ण आकड्याने सांगितलेलं, रात्री १० लिटर उरलं आणि लॉन्सवाल्याच्या पोरांनी ते बादलीत घेऊन खाल्लं. खाल्लं ते बरंच झालं.

गाजर हलवा किंवा गरम गुलाबजामबरोबर वरून द्यायचं असेल तर अर्धा स्कूप पुरतो, उलट जास्त दिलं तर हलवा गार पडतो आणि लोक दोन्ही टाकतात.

वाढदिवस, डोहाळेजेवण, सोसायटीचा कार्यक्रम, जिथे समोसा-वेफर्स-केक असं खाणं असतं आणि संध्याकाळची वेळ असते, तिथे मात्र जास्त लागतं. इथे सरसकट आकडा न धरता माणसं वेगवेगळी मोजायची. गेल्या एप्रिलमध्ये इंदिरानगरला आमच्या गच्चीवर ६० जणांचा वाढदिवस होता, तो हिशोब जसाच्या तसा देतो.

मोठी माणसं ४०. त्यातले ५ नको म्हणणारे, २० जण दोन स्कूपवाले, १५ जण एक स्कूपवाले. झाले ५५.

पोरं १४. पोरांना पहिल्यांदा एकच द्या, दोन दिले तर एक खाली पडतो. पण ती परत येतात, हमखास येतात, म्हणून माणशी दोन धरा, २८.

आजी-आजोबा ६, त्यांचे ६.

एकूण ८९, आणि "अजून थोडं चालेल का" म्हणणाऱ्यांचे १०, म्हणजे ९९. भागिले १२, सव्वाआठ लिटर. आणलं ९. संपल्यावर एक पॅक न फोडलेला होता आणि एका डब्याच्या तळाला दोन-तीन स्कूप.

आणि नुसतं आइस्क्रीमच असेल, म्हणजे रात्री जेवून सगळे गच्चीवर जमलेत आणि मुद्दाम आइस्क्रीमचा बेत आहे, तर माणशी तीन स्कूप धरा आणि वर काही विचार करू नका.

आता आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळीशीला टेकलेला असतो तेव्हा वरचे आकडे बरोबर आहेत. पण नाशिकची गंमत अशी की संध्याकाळी सातनंतर वारा सुटतो, गंगापूर रोडकडच्या मोकळ्या लॉन्सवर तर चांगलाच, त्यामुळे दुपारच्या कार्यक्रमापेक्षा रात्रीच्या रिसेप्शनला थोडं कमी लागतं, मी साधारण दहा टक्के कमी करतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत, थेट एक तृतीयांश कापा. पूर्ण बंद करू नका, थंडीत शाल पांघरून आइस्क्रीम खाणारी माणसं प्रत्येक घरात असतात. पावसाळ्यात मधलं काहीतरी धरा.

मोठे डबे की विटा की कप

जुन्या लग्नांमध्ये आइस्क्रीमची वीट यायची, खोका उघडून सुरीने पाव कापल्यासारखे काप करायचे, स्टीलच्या ताटलीत एक काप. मला अजून ती पद्धत सगळ्यात भारी वाटते कारण माप हातावर राहत नाही. १ लिटरच्या विटेचे बरोब्बर १० काप करा, प्रत्येकी १०० मिली, दबणं नाही, डोंगर नाही. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची आणि वीट फ्रीझरमधून काढल्या काढल्या कापायची. पन्नासपर्यंत माणसं असतील तर हेच करा.

शंभराच्या वर मोठे डबे आणि स्कूप. आणि जिथे वाढायला भरवशाचं माणूसच नाही तिथे सरळ कप, एक माणूस एक कप, मोजायला सोपं, फक्त लिटरमागे महाग पडतात आणि पोरं अर्धे कप खुर्चीखाली ठेवून पळतात.

माझी सध्याची पद्धत अशी आहे की लागणाऱ्या मालातला ८० टक्के मोठ्या डब्यांत घ्यायचा आणि वरचा २० टक्के छोट्या पॅकमध्ये. कारण एकदा विकलेलं आइस्क्रीम दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, मधल्या वेळात तुम्ही ते कुठे ठेवलं होतं त्याला काय माहीत. पण न फोडलेला छोटा पॅक जवळ राहणाऱ्या पाहुण्याच्या हातात देता येतो, शेजारी देता येतो, चार दिवसांनी खाता येतो. फोडलेला ५ लिटरचा डबा अर्धा उरला तर तो कोणाच्याच फ्रीझरमध्ये मावत नाही. घराजवळच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवलं की "तीन पॅक बाजूला ठेव, नऊपर्यंत फोन आला नाही तर विकून टाक" तर अजून बरं, आमचा दुकानदार एवढं ऐकतो.

फ्लेवरचा मोह आवरा

प्रत्येक फ्लेवरच्या तळाला थोडं उरतंच. पाच फ्लेवर आणले की पाच तळ उरतात, आणि ज्याला जे पाहिजे ते आधी संपतं. शिवाय प्रत्येक माणूस डब्यांपुढे उभा राहून विचार करतो, मागची रांग वाढते, डबे उघडे वितळतात. दोन आणा, फार तर तीन. मी निम्मं व्हॅनिला नाहीतर केशर-पिस्ता यातलं एक घेतो, तीस टक्के बटरस्कॉच, वीस टक्के मोसमाचं, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरला सीताफळ, उन्हाळ्यात आंबा. पोरं जास्त असतील तर मोसमाचं सोडून चॉकलेट.

सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असणारं कोणी आहे का ते आमंत्रणाच्या फोनवरच विचारून घ्या, आणि असेल तर साध्या व्हॅनिलाचा स्कूप वेगळा ठेवा, बटरस्कॉचच्या डब्यातला स्कूप तसाच त्यात बुडवू देऊ नका. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपकाही बघायचा. शुगर फ्रीचे पाच-सहा कप वेगळे आणले तर काकालोकांना बरं वाटतं, पण त्यात दुधाची साखर आणि फॅट असतंच, त्यामुळे ते दोन-दोन खायचे नसतात हे त्यांना कोणीतरी सांगा.

ठेवणार कुठे

हा प्रश्न लोकांना आइस्क्रीम घरी आल्यावर पडतो. आइस्क्रीमला उणे १८ अंश लागतात. सिंगल डोअर फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दोन-तीन विटा बसतात, आणि दार सारखं उघडं-बंद झालं की त्या मऊ पडायला लागतात. डबल डोअरचा फ्रीझर रिकामा केला तर ९-१० लिटर आरामात, पण रिकामा करा म्हणजे खरंच करा, मटार, नारळाचा चव, मागच्या वर्षीच्या मोदकाच्या उकडीचा तो गोळा, सगळं बाहेर. फ्रीझरचा नंबर आदल्या रात्रीच वाढवून ठेवायचा. दोन-तीन शेजाऱ्यांचे फ्रीझर धरले तरी चालतं, फक्त कुठल्या घरात काय ठेवलंय ते लिहून ठेवा आणि ती माणसं कार्यक्रमाच्या वेळी कुलूप लावून आपल्याकडेच जेवायला आलेली असणार हे लक्षात ठेवा, किल्ली घ्या.

२०-२५ लिटरच्या वर माल असेल तर डीप फ्रीझर भाड्याने मिळतो का ते बघा, मोठ्या ऑर्डरला डीलर कधीकधी स्वतःच देतो, डिपॉझिटवर. तो टेम्पोतून आल्या आल्या लावू नका, थोडा वेळ सरळ उभा राहू द्या, मग रिकामाच चार-पाच तास चालवा, गार झाला की मग माल भरा. लॉन्सवर किंवा हॉलवर एक गोष्ट नक्की विचारा, फ्रीझरचा प्लग जनरेटरच्या लाइनवर आहे का. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे, पंखे आणि डीजे असतात. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाणार आहे का याचा महावितरणचा मेसेजही बघून ठेवा.

फ्रीझर नसेल तर जुना उपाय, बर्फ आणि खडेमीठ. थर्माकोलची पेटी किंवा मोठा आइसबॉक्स, तळाला फोडलेल्या बर्फाचा थर, त्यावर खडेमीठ, मग घट्ट झाकणाचे डबे, बाजूने परत बर्फ-मीठ, वरून ओलं गोणपाट. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असं धरा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली असतानाच वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो, नीट जमलं तर आत उणे १५च्या आसपास जातं. नुसता बर्फ शून्यावरच थांबतो आणि शून्याला आइस्क्रीम म्हणजे सरबत. डब्याचं झाकण सैल असेल तर टेप लावा, खारं पाणी आत गेलं की सगळा डबा फुकट. आणि हा बर्फ कोणी सरबतात टाकू नये म्हणून सांगून ठेवा, खाण्याचा नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे, तरी पेटीशी कोणाला तरी उभं करा.

ड्राय आइस मिळाला तर उत्तम, तो उणे ७८ अंशांचा असतो आणि पाणीही होत नाही. पण उघड्या हाताने धरायचा नाही, हवाबंद डब्यात ठेवायचा नाही, आणि काचा बंद करून गाडीत तर अजिबात न्यायचा नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बंद जागेत जीव घाबरा होऊ शकतो. घरात लहान पोरं फिरत असतील तर मी तो आणतच नाही.

नाशिकरोडहून गंगापूर रोडला माल आणायचा असेल तर द्वारकेला किती वेळ अडकाल ते धरून निघा. एकदा मी साधी कापडी पिशवी घेऊन गेलो होतो, द्वारका सर्कलला सिग्नल-सिग्नल करत बराच वेळ गेला, पोचलो तेव्हा पिशवीच्या कोपऱ्यातून गुलाबी थेंब माझ्या बुटावर पडत होते. आता कार्यक्रमाच्या जागेजवळचंच दुकान बघतो, दोन पैसे जास्त गेले तरी.

वाढायच्या दिवशी

फ्रीझरमधून काढल्यावर आइस्क्रीम दगड असतं, स्कूप आत जात नाही आणि वाढणारा वैतागून मोठमोठे तुकडे काढतो, माप तिथेच बिघडतं. पहिले दोन डबे आधी १०-१५ मिनिटं बाहेर किंवा फ्रिजच्या खालच्या भागात काढून ठेवा. सगळे डबे एकदम काढू नका. एक उघडा, एक तयारीत, बाकी आत, असं चालू ठेवायचं. मे महिन्यात मांडवाखाली दहा मिनिटांत वरचा थर सैल होतो.

वाढायला कोण बसतं त्यावर एखाद-दोन लिटरचा फरक पडतो. मामांना बसवू नका. मामा पहिल्या वीस जणांना डोंगर देतात आणि शेवटच्या वीस जणांना गप्पा. मी कॉलेजातली दोन पोरं बसवतो, त्यांना पहिला एक कप माझ्या हाताने भरून दाखवतो, "असा" म्हणून, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यासाठी एक पॅक वेगळा ठेवतो, तो ठेवलाय हे त्यांना आधीच सांगतो. शंभर माणसांमागे एक टेबल, दोन वाढणारे. स्कूप दोन-तीन असू द्या, आणि बाजूला कोमट पाण्याचं भांडं.

वाटी छोटी घ्या. १५० मिलीच्या कपात एक स्कूप केविलवाणा दिसतो, मग वाढणारा लाजून दुसरा टाकतो. त्याच स्कूपला ८०-१०० मिलीचा कागदी कप भरलेला दिसतो. चमचे लाकडी, प्लास्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि माणसांच्या दीडपट आणा, पोरं प्रत्येक फेरीला नवा घेतात.

केटररला काम दिलं असेल तर "आइस्क्रीम अनलिमिटेड" या शब्दावर जाऊ नका. माणशी किती मिली, कुठलं, डबे किती लिटरचे, हे आधी लिहून घ्या, आणि त्या दिवशी सीलबंद डबे आले तेव्हा एकदा आणि रिकामे झाल्यावर एकदा घरच्या कोणाकडून तरी मोजून घ्या. भांडायला नाही, पुढच्या वेळच्या अंदाजाला उपयोगी पडतं. आणि बिलात बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुनं कोटेशन फिरत असेल तर विचारा.

पॉट आइस्क्रीमचा बेत असेल तर

हे थोडं विषयाबाहेर आहे पण लिहितोच. आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी लाकडी बादलीचा पॉट होता, मध्ये पत्र्याचा उभा डबा, बाजूने बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. पोरांनी पाळीपाळीने फिरवायचा. सुरुवातीला एका हाताने फिरतो, मग दोन हात लागतात, मग एक जण बादलीवर गोणपाट टाकून त्यावर बसतो आणि दुसरा फिरवतो, आणि बसणाऱ्याची चड्डी खाऱ्या पाण्याने भिजली की समजायचं, होत आलंय. काका झाकणावरचं मीठ आधी पुसून घ्यायचे, बोटाने, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने, आणि आम्ही सगळे वाकून बघत. मग दांड्याचं पातं बाहेर निघायचं, आणि ते चाटायचा मान ज्याने सगळ्यात जास्त फिरवलं त्याला.

मापाचं सांगायचं तर पॉट कधी काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांश भरा, फिरवताना मिश्रण फुगतं. ५ लिटरच्या पॉटमध्ये साधारण सव्वातीन लिटर दूध-आंबा. हे कंपनीच्या मानाने घट्ट असतं, कमी हवेचं, म्हणून इथे माणशी एक स्कूप खूप होतो. फिरवणाऱ्यांना सोडून.

उरलं तर

कडेने सैल झालंय पण मध्ये घट्ट आहे, ते झाकण लावून लगेच फ्रीझरमध्ये टाका आणि चार-पाच दिवसांत संपवा, थोडं बर्फाळ लागेल. पूर्ण पाणी झालेलं परत गोठवू नका, चव तर जातेच पण कोमट दुधात जंतू वाढतात आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. नुकतंच वितळलेलं आणि अजून गार असेल तर तिथल्या तिथे मिल्कशेक करून पिऊन टाका. दुपारभर टेबलावर राहिलेल्या डब्यात मात्र जीव अडकवू नका, ओतून द्या.

आणि रात्री झोपायच्या आधी वहीत लिहा, सकाळी आठवत नाही. माझी शेवटची नोंद अशी आहे: "मे, आत्याकडे सत्यनारायण, दुपार, जेवण (रस नाही), ७० माणसं, ६ लिटर, व्हॅनिला आधी संपलं, बटरस्कॉच अर्धा लिटर उरलं. वाढायला मामा बसले होते."